भाचीला डीजे शिकायचाय: इंदिरानगरच्या एका खोलीसाठी सामान निवडताना

‘मामा, पप्पांना तू सांग. मी सांगितलं की ते फक्त नाही म्हणतात.’ भाचीचा हा फोन जूनमध्ये आला. तिला घरी डीजे शिकायचा होता. दाजींच्या डोळ्यांसमोर मात्र मिरवणुकीतली ट्रॅक्टरवरची स्पीकरची भिंत उभी राहिली होती. ‘तिसऱ्या मजल्यावर डीजे? आईला बीपी आहे, माहितेय ना तुला?’ त्यांचा पहिला प्रश्न हाच होता आणि तो चुकीचा नव्हता.

मी नाशिकमध्ये कार्यक्रमांचं साउंड बघतो. नाटक, गाण्यांच्या मैफली, शाळांची गॅदरिंग. मी डीजे नाही, पण डीजेचं सामान माझ्या मिक्सरला रोज जोडलं जातं आणि त्यातलं काय टिकतं, काय दगा देतं हे मी जवळून पाहतो. सामान निवडायचं काम म्हणून माझ्याकडे आलं. ते दोन महिने चाललं. काय घेतलं यापेक्षा काय का सोडलं हे लिहिण्यासारखं आहे, कारण असे फोन मला आता दर महिन्याला येतात.

दाजींना आधी शब्द समजावून सांगावा लागला. आपल्याकडे डीजे म्हणजे स्पीकर झालाय. खरा डीजे म्हणजे माणूस. एक गाणं लोकांना ऐकू येत असतं, त्याच वेळी पुढचं गाणं तो एकट्याच्या कानात ऐकतो, दोन्हींची चाल, म्हणजे वेग, जुळवतो आणि मग एकातून दुसऱ्यात जातो. या कामाला भिंत लागत नाही, हेडफोन लागतो. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला बंदी आहे, आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, हेही मी सांगितलं. साधं बोलणंच ६० च्या आसपास असतं. म्हणजे भाचीचा बहुतेक सराव कानातच होणार होता. हे कळल्यावर दाजी जरा सैल झाले.

आता परिस्थिती. खोली दहा बाय अकरा, भिंतीपलीकडे आजींची खोली. बजेट ४५ हजार: २५ हजार दाजींचे, २० हजार भाचीने नववी-दहावीच्या मुलांना गणित शिकवून जमवलेले. चार वर्षं जुना, ८ जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉप. हॉलमध्ये एक चांगला अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर पडून. गाण्यांचं म्हणाल तर अर्धी हाउस-टेक्नो (सरळ ठोक्याचं नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत), अर्धी लावण्या, कोळीगीतं आणि जुनी सिनेगीतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ती तीन वर्षं ढोलपथकात ताशा वाजवते. हा शेवटचा मुद्दा मी सुरुवातीला धरलाच नव्हता. तोच पुढे निर्णायक ठरला.

पहिला मोह सातपूरच्या एका सेटचा

दाजींच्या ओळखीतला एक लग्नाचा डीजे धंदा बंद करून सामान विकत होता. दोन मोठे सीडी प्लेयर, मधे मिक्सर, वर फ्लाइट केस. ३८ हजार. दाजी खूश. ‘एवढं मोठं सामान, आणि बजेटच्या आत!’ भाचीही खूश, कारण स्टेजवर हेच दिसतं.

आम्ही रविवारी सकाळी बघायला गेलो. मी सोबत तीन गोष्टी नेल्या: माझा हेडफोन, घरी लिहिलेली एक सीडी आणि गाणी भरलेला पेनड्राइव्ह. पेनड्राइव्हला जागाच नव्हती, मॉडेल इतकं जुनं होतं. डाव्या प्लेयरने सीडी तिसऱ्या प्रयत्नाला वाचली. लेन्स थकली की असंच होतं, आणि त्या मॉडेलची लेन्स आता शोधावी लागते. मग मी मिक्सरवर एकही गाणं न लावता हेडफोन कानाला लावला आणि क्रॉसफेडर, म्हणजे एका गाण्यावरून दुसऱ्यावर नेणारी आडवी दांडी, सावकाश डावीकडून उजवीकडे नेला. मधोमध आल्यावर कानात वाळू चावल्यासारखी खरखर. फेडरच्या आतली पट्टी झिजली की हा आवाज येतो. स्प्रे मारला तर महिनाभर जातो, मग परत येतो. शेवटी क्यूचं बटण, म्हणजे गाणं ठरवलेल्या जागेवर आणणारं. उजव्या प्लेयरचं बटण मधोमध दाबलं तर लागायचं, कडेला दाबलं तर नाही. शिकणाऱ्या मुलीच्या हाताला असं बटण मिळालं तर चूक तिची की यंत्राची हे तिला कधीच कळणार नाही.

विकणारा माणूस सज्जन होता, त्याने काही लपवलं नाही. त्याच्या हाताला त्या खोडी माहीत होत्या, म्हणून त्याचं काम अडलं नाही. आमचं अडलं असतं. आम्ही चहा पिऊन परत आलो. दाजींना वाईट वाटलं, आणि त्यांचं समाधान होईल असं माझ्याकडे त्या दिवशी काही नव्हतं.

टर्नटेबल: मन लागलं, पण नाही

भाचीच्या आजोबांच्या शंभरेक रेकॉर्ड घरात आहेत. त्यामुळे टर्नटेबलचा विषय निघणारच होता. डीजेसाठी लागतो तो डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबल. म्हणजे मोटर थेट थाळीखाली. रबरी पट्ट्याने थाळी फिरवणारा नव्हे. हाताने रेकॉर्ड अडवून सोडली की तिने क्षणात वेग धरायला हवा. याचा आदर्श म्हणजे टेक्निक्सचा एसएल-१२००. १९७२ साली आला, २०१० साली बंद झाला, २०१६ साली पुन्हा सुरू झाला. त्यातल्या एकाच्या किमतीत आमचं बजेट दोनदा संपलं असतं, आणि लागतात दोन. वर मिक्सर, सुया वेगळ्या.

पैशाचा प्रश्न सोडला तरी तिची गाणी रेकॉर्डवर मिळणार कुठे? आजोबांच्या साठ्यातल्या जुन्या लाखेच्या ७८ च्या तबकड्यांना तर वेगळी सुई लागते. एलपीची सुई त्यांच्या रुंद खाचेत नीट बसत नाही. कोडची खास रेकॉर्ड लावून लॅपटॉपमधली गाणी टर्नटेबलवरून चालवता येतात, ती पद्धत सुंदर आहे. पण तिथेही दोन टर्नटेबल आणि साउंड कार्ड हवंच. आजोबांच्या रेकॉर्ड मी तिला नुसत्या ऐकायला सांगितल्या. त्या प्लेयरवर स्क्रॅच करायचा नाही, म्हणजे रेकॉर्ड हाताने मागे-पुढे घासायची नाही, हेही बजावलं.

ऑल-इन-वन, म्हणजे लॅपटॉप न लागणारं, स्क्रीन असलेलं यंत्र, लाखाच्या घरात जात होतं. माझ्या मते घरी शिकणाऱ्याला ते सगळ्यात सुटसुटीत आहे, आणि डेनॉनच्या प्राइम गोसारख्या यंत्रात तर बॅटरीही आहे. बजेट असतं तर मी आडवा आलो नसतो. नव्हतं, म्हणून तिथेच थांबलो.

उरला कंट्रोलर, म्हणजे लॅपटॉपमधलं डीजेचं सॉफ्टवेअर हाताने चालवायचा बटणं-चाकांचा पाट. इथे खरी गुंतागुंत सुरू झाली, कारण सहा हजारांपासून लाखापर्यंत सगळ्यालाच कंट्रोलर म्हणतात.

काही न विकत घेता तीन आठवडे

मी तिला आधी काहीच घेऊ दिलं नाही. मिक्स (Mixxx) हे डीजेचं फुकट, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकलं आणि एमजी रोडवरून सहाशे रुपयांचं छोटं यूएसबी साउंड कार्ड आणलं. लॅपटॉपचा स्वतःचा आवाज स्पीकरला, साउंड कार्डचा हेडफोनला. म्हणजे दोन वेगळे आवाज मिळाले: एक लोकांचा, एक आपला. डीजेगिरीचा पाया एवढाच आहे. चाल जुळवायची कीबोर्डवरून. कंटाळवाणं काम. तीन आठवड्यांत कंटाळली असती तर सहाशे रुपयांत विषय मिटला असता.

ती कंटाळली नाही. चौथ्या दिवशी मात्र रडवेला फोन आला. ‘मामा, कानात बरोबर जुळतंय, आणि बाहेर सोडलं की सगळं मागे पडतंय.’ जाऊन बघतो तर तिने हॉलचा अ‍ॅम्प्लिफायर नको म्हणून ब्लूटूथ स्पीकर लावला होता. ब्लूटूथवर आवाज सहसा १०० ते २०० मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. १२० बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात दोन ठोक्यांमधलं अंतर ५०० मिलिसेकंद. म्हणजे कानातला ठोका आणि खोलीतला ठोका यांत जवळजवळ पाव ते अर्ध्या ठोक्याची फारकत. पथकात ढोलाचा टोल आणि ताशा एवढे लांब गेले तर वादन थांबवतात. मी वायर लावून दिली, आणि तिचा चेहरा दोन मिनिटांत खुलला.

दुसरी अडचण जास्त खोल होती, आणि ती तिनेच शोधली. एका कोळीगीताची चाल सॉफ्टवेअरने १५० दाखवली. ती टेबलावर काड्या वाजवत म्हणाली, ‘हे दीडशे नाही. हे शंभर आहे. दीडशे म्हटलं की माझा हात तिरका पडतो.’ तिचंच बरोबर होतं. गाणं दादऱ्यात होतं, सहा मात्रांचं आवर्तन, तीन-तीनचे दोन ठोके. ही सॉफ्टवेअरं चार ठोक्यांच्या हिशेबाने बनलेली. त्यांनी दोन-दोन मात्रांना एक ठोका धरला की शंभराचे दीडशे होतात. त्यावर चार ठोक्यांचा लूप लावला, म्हणजे तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा फिरवला, तर आठ मात्रा पकडल्या जातात आणि दादरा लंगडतो. मिक्समध्ये चालीला दोन-तृतीयांश करायचं बटण आहे. ते दाबलं, चाल १०० वर आली, दोन ठोक्यांचा लूप लावला, आणि सहा मात्रा नीट फिरायला लागल्या. तिने मान डोलावली ती समेवर.

जुन्या सिनेगीतांत त्याहून पुढची गोष्ट. ती गाणी साठ-सत्तर वादक एकत्र बसून वाजवत, क्लिकशिवाय, म्हणजे कानात यंत्राची टिकटिक न घेता. गाणं ९८ ला सुरू होऊन अंतऱ्यापर्यंत १०२ ला पोहोचतं. यंत्राने आखलेली ठोक्यांची सरळ जाळी अशा गाण्यावर बसत नाही आणि चाल आपोआप जुळवणारं सिंकचं बटण हमखास फसतं. तिथे हातच लागतो: वेग कमी-जास्त करणारी टेम्पोची दांडी, आणि जॉगला, म्हणजे गोल चाकाला, बोटाने दिलेला हलका धक्का. लूपही यंत्राच्या मापाने न घेता आपल्या कानाने सुरू करून आपल्या कानाने तोडावा लागतो.

या संध्याकाळनंतर माझं मत पक्कं झालं. या मुलीसाठी लाईट, इफेक्ट, पॅडचे रंग बघायचे नाहीत. तीन गोष्टी बघायच्या: हेडफोनचा आवाज वेगळा देणारं आतलं साउंड कार्ड, हाताला नेमकी वाटेल अशी टेम्पोची दांडी, आणि लूप इन व लूप आउटची, म्हणजे लूप सुरू करायची आणि तोडायची, स्वतंत्र बटणं.

दांडीचा हिशेब

टेम्पोच्या दांडीबद्दल दुकानात कुणी बोलत नाही, म्हणून थोडं सविस्तर. समजा दांडीचा प्रवास ६० मिलिमीटर आहे आणि पट्टा, म्हणजे वेग किती बदलेल ती मर्यादा, वर-खाली १० टक्क्यांचा. म्हणजे ६० मिलिमीटरमध्ये २० टक्के. एक मिलिमीटर सरकवलं की एक-तृतीयांश टक्का, १२० च्या गाण्यात ०.४ बीपीएम. पट्टा ६ टक्क्यांवर आणला तर तोच मिलिमीटर ०.२४ बीपीएमचा होतो. आता ०.२४ ची चूक राहिली तर मिनिटाभरात गाणी पाव ठोक्याने सुटतात. म्हणजे छोट्या दांडीवर मिलिमीटरच्या अर्ध्या-पाव भागाशी खेळावं लागतं. १०० मिलिमीटरची दांडी असेल आणि पट्टा ८ चा, तर तोच मिलिमीटर ०.१९ वर येतो. लांब दांडी चांगलीच. ती परवडत नसेल तर पट्टा बदलता आला पाहिजे, हा आमचा निकष झाला.

आणखी एक. वेग ६ टक्के वाढवला की सूर जवळपास अर्ध्या स्वराने चढतो. काळी एकचं गाणं पांढरी दोनमध्ये जातं. लावणीतला आवाज मग ओढल्यासारखा होतो. वेग बदलला तरी सूर जागेवर ठेवणारं मास्टर टेम्पो आता सगळ्याच सॉफ्टवेअरमध्ये मिळतं, पण ते चालू ठेवायची आठवण ठेवावी लागते.

मुंबईची फेरी

नाशिकमध्ये हाताळून बघायला दोनच मॉडेल मिळाली. म्हणून एका शनिवारी सकाळी नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेस पकडली, दादरला उतरलो, लोकलने ग्रँट रोड, आणि चालत लॅमिंग्टन रोड. दाजी स्वतः आले, याचा मला मनापासून आनंद झाला.

पहिल्या दुकानात बारा हजारांचा छोटा कंट्रोलर दाखवला. त्यात साउंड कार्ड नव्हतं, एक वाय आकाराची वायर होती. ती लॅपटॉपच्या एकाच जॅकला लावायची: डाव्या बाजूचा आवाज स्पीकरला, उजव्या बाजूचा हेडफोनला. काम होतं, पण दोन्हीकडे मोनो. तबल्याचा डग्गा एकीकडे आणि बासरी दुसरीकडे ठेवणारं जुनं रेकॉर्डिंग तिथे सपाट होऊन जातं. भाचीने हेडफोन लावला आणि अर्ध्या मिनिटात काढून ठेवला.

तिसऱ्या दुकानात पायोनिअर डीजेचा डीडीजे-एफएलएक्स४ हाताला लागला. दोन चॅनल, म्हणजे एका वेळी दोन गाणी, आत साउंड कार्ड, यूएसबीवरच चालतो, रेकॉर्डबॉक्स आणि सेराटो डीजे लाइट ही सॉफ्टवेअरं वेगळे पैसे न देता वापरता येतात. इन आणि आउटची वेगळी बटणं. दांडी लांब नाही, पण पट्टा ६ वर आणता येतो. मास्टर आउट, म्हणजे स्पीकरकडे जाणारा आवाज, फक्त आरसीए (घरगुती गोल पिना), एक्सएलआर (लांब वायरीला चालणारी स्टेजची पिन) नाही. घरच्या अ‍ॅम्प्लिफायरला आरसीएच लागतं, म्हणून आमच्यासाठी ती उणीव नव्हती. उद्या हॉलमध्ये लांब वायर टाकून वाजवायचं म्हटलं तर ती उणीव ठरेल, हे मी तिथेच सांगितलं.

दुकानदाराने त्याहून वरचं चार चॅनलचं मॉडेल पुढे केलं. दाजी म्हणाले, ‘आता आलोच आहोत तर मोठं घेऊ, पाच-दहा हजार मी टाकतो.’ मी नको म्हणालो. दोन गाणी नीट जुळवायला वर्ष लागतं. ते पैसे हेडफोनवर लावा, असं सांगितलं. थोडी वादावादी झाली. शेवटी भाचीच म्हणाली, ‘पप्पा, माझ्याकडे कान दोनच आहेत.’

बिल असं झालं: कंट्रोलर ३१ हजार, बंद कपांचा हेडफोन साडेसहा हजार, चांगल्या आरसीए वायरी नऊशे. साडेसहा हजारांचा हेडफोन दाजींना शेवटपर्यंत पटला नाही. पण बंद कपाचा हेडफोन बाहेरचा आवाज अडवतो, म्हणून आतला आवाज कमी ठेवता येतो. ८५ डेसिबलला आठ तास ही कानाची मर्यादा मानतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ९४ ला एकच तास उरतो. एकोणीस वर्षांच्या मुलीचे, त्यातून ताशा वाजवणाऱ्या मुलीचे कान आधीच पुष्कळ सोसतात. पथकात ती आता कापसाऐवजी खरे इअरप्लग घालते, तेही याच खरेदीत घेतले. त्या दोनशे रुपयांबद्दल कुणी कुरकुरलं नाही.

घरी आल्यावर

जोडणी केली आणि स्पीकरमधून सतत घूंऽऽ असा आवाज. लॅपटॉपचा चार्जर काढला, आवाज गेला. लावला, परत आला. अर्थिंगचा फेरा: अ‍ॅम्प्लिफायर एका प्लगवर, चार्जर खोलीच्या दुसऱ्या टोकाला. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर आणल्यावर बराच कमी झाला. उरलेला आरसीए वायरीच्या मधे लावायच्या सातशे रुपयांच्या ग्राउंड लूप आयसोलेटरने गेला. शेजारच्या इलेक्ट्रिशियनने चार्जरची अर्थची पिन तोडायला सांगितलं होतं. ते कुणीही करू नये, त्यात जीव जातो.

दुसरी तक्रार कडकडाटाची. लॅपटॉपवर बफर, म्हणजे आवाज तयार करायला यंत्राला दिलेली उसंत, १२८ सॅम्पलला ठेवला होता, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झला जेमतेम ३ मिलिसेकंद. जुन्या लॅपटॉपला तेवढ्यात काम उरकत नव्हतं. ५१२ वर नेला, साडेअकरा मिलिसेकंद झाले, कडकड थांबली. बोटाला फरक कळतो का विचारलं. ‘थोडा, पण चालेल,’ म्हणाली. स्क्रॅचिंग गंभीरपणे करायचं ठरलं तर लॅपटॉप बदलावा लागेल, तोवर हेच.

ऑगस्टमध्ये एका पावसाळी संध्याकाळी लाईट गेली. अ‍ॅम्प्लिफायर बंद पडला, पण लॅपटॉप बॅटरीवर आणि कंट्रोलर लॅपटॉपवर, त्यामुळे हेडफोनमधला सराव तसाच चालू राहिला. हा फायदा मी निवडताना मोजला नव्हता, मोजायला हवा होता.

पथकात मात्र तिने अजून सांगितलेलं नाही. तिथे डीजे म्हणजे ज्याच्या विरोधात आपण वाजवतो तो. मला तिची अडचण कळते, तरी सांगावं असं वाटतं. ताशाच्या तर्रीने घडवलेला हात नसता तर ती त्या दीडशेवर बोट ठेवू शकली नसती.

आता सहा महिने झाले. सिंकचं बटण तिने पहिले तीन महिने बंद ठेवलं होतं. हाउसच्या गाण्यांसाठी आता वापरते, कोळीगीतांना नाही. १०० च्या हाउस ठेक्यावर दादऱ्यातलं गाणं सोडून तिने बावीस मिनिटांचं रेकॉर्डिंग केलंय. नवव्या मिनिटाला एक उडी चुकली आहे. ती कापून टाकायला ती तयार नाही, पुन्हा पहिल्यापासून वाजवणार म्हणते. भिंतीपलीकडे आजी दुपारी दोन ते चार झोपतात, तेवढा वेळ स्पीकर बंद. चार वाजले की त्या स्वतःच दार ठोठावून सांगतात, ‘लाव आता, ऐकू दे.’

पुढची खरेदी पाच इंची अ‍ॅक्टिव्ह मॉनिटरची, म्हणजे आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेल्या स्पीकरची. त्यासाठी दहावीच्या आणखी दोन मुली शिकवणीला घेतल्यात.